रुमालसाहेबांचं कडं

सदर इसम सागरी जीवविकास संशोधन केंद्रात वरिष्ठ सूक्ष्मदर्शनतज्ज्ञ या पदावर कार्यरत आहेत. वय पन्नाशीपुढे, बांधा सडपातळ, वर्तणूक चांगली, विवाहित. ओळखीची खूण : नाकावर रुमाल. समुद्री कृमींच्या अळ्यांमध्ये जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी शरीराच्या मागील टोकास मज्जापेशींचे एक वर्तुळाकार कडे तयार होते, असा मौलिक शोध सदर इसमाने लावलेला असून, हे कडे केंद्राचे अधिकृत बोधचिन्ह म्हणून स्वीकारण्यात आलेले आहे. कड्याबाबत आजतागायत कोणाचीही हरकत प्राप्त झालेली नाही.

एवढं केंद्राच्या परिचयपुस्तिकेत छापलेलं आहे. छापलेलं नाही ते असं, की या इसमाला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते.

दुसऱ्याने धरलेल्या दाराच्या मुठीची येते. सामायिक साबणाची येते, आणि त्याला एखादा केस चिकटलेला असला तर त्या दिवशी जेवण जात नाही. केंद्राचे प्रमुख पान उलटताना बोट जिभेला लावत, तेव्हा समोर बसलेले रुमालसाहेब खिडकीबाहेर बघत. मग प्रमुख तीच ओली पानं त्यांच्या हातात देत. रुमालसाहेब ती कोपऱ्याला चिमटीत धरून, मेलेला उंदीर न्यावा तशी, आपल्या खोलीपर्यंत नेत. रुमालसाहेब हे नाव त्यांच्या तोंडावर कोणी घेत नसे, पण ते त्यांना ठाऊक होतं. रुमाल रोज धुतलेला, इस्त्रीचा, अत्तराचा थेंब टाकलेला असे.

असा माणूस समुद्रातल्या किड्यांकडे कसा वळला, हा प्रश्न त्यांच्या सासऱ्यांनी लग्नाआधीच विचारला होता. त्याचं उत्तर सोपं होतं. ते किड्यांकडे वळलेच नव्हते. ते मायक्रोस्कोपकडे वळले होते, कारण मायक्रोस्कोपमध्ये वास येत नाही.

त्यातही त्यांचा जीव जडला तो प्रतिदीप्तीच्या मायक्रोस्कोपवर. अंधारी खोली, दार बंद. अळीला असा रंग लावायचा की जो फक्त मज्जापेशींना चिकटेल. मग तिच्यावर निळा प्रकाश सोडायचा. रंग तो निळा प्रकाश गिळतो आणि लाल प्रकाश परत देतो. मधली काच निळा अडवते, लाल तेवढा डोळ्यापर्यंत येऊ देते. एरवी ओली, बुळबुळीत, लाळ गाळणारी अळी सगळी काळोखात गडप होते आणि उरतात नुसत्या काळ्या आकाशातल्यासारख्या लाल रेघा. जगातलं नको ते वगळून हवं तेवढंच दाखवणारं यंत्र! किळस येणाऱ्या माणसांसाठी कोणी स्वर्ग बांधला तर त्याची खिडकी अशीच असेल.

पण या स्वर्गात एक फसगत असते, आणि ती धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. काही वस्तू रंग न लावताही आपल्या आपण चमकतात. म्हणून रंगवलेल्या अळीशेजारी एक कोरी अळी ठेवायची, तिला रंगाचा थेंबही लावायचा नाही. कोरी काळीच राहिली तर रंगवलेलीतला उजेड खरा. कोरीही चमकली तर समजायचं, आपण स्वतःलाच उल्लू बनवतोय. रुमालसाहेब याबाबतीत सोवळे होते. "कोऱ्या अळ्या मी स्वतः घेणार," ते म्हणत. "तिथे दुसऱ्याचा हात नको."

अळ्यांचे टब दोन होते. एक खिडकीपाशी. त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी, पारदर्शक, थंड, बिनवासाचं. दुसरा आत मोरीच्या भिंतीला लागून. त्यात टाकीवाल्या काकू सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी ओतत, अळ्यांचा खाऊ म्हणून. तो खाऊ कडेला साचे, नासे, त्यावर साय धरे, सायीवर बुडबुडे येत, आणि ते फुटले की साऱ्या खोलीला कुजक्या अंड्यासारखा, ओल्या पायमोज्यांसारखा, अडलेल्या गटारासारखा वास सुटे. तिन्ही एकदम. काकू त्याच टबाच्या कडेवर डबा ठेवून जेवत.

"काकू, अळीचं तोंड उघडतं तिसऱ्या दिवशी," रुमालसाहेब रुमालातून म्हणत. "सगळ्या पुस्तकांत तसंच आहे. तोवर ती अंगातल्या बलकावर जगते. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे रांधून का ठेवता?"

"तहान लागल्यावर विहीर खणायची का साहेब?" काकू म्हणत. "उघडलंच तोंड लवकर, तर पानात काहीतरी असलेलं बरं."

"पुस्तकात..."

"पुस्तकाला भूक लागत नाही."

वाद एवढाच. वास येई म्हणून रुमालसाहेब त्या टबाजवळ फिरकत नसत. रंगवायच्या अळ्या तिथून काकू बशीत घालून आणून देत, कारण खाऊच्या टबातल्या अळ्या धष्टपुष्ट, रंग छान धरतात. आणि कोऱ्या अळ्या, ज्यांना दुसऱ्याचा हात नको, त्या रुमालसाहेब स्वतः घेत. खिडकीजवळच्या टबातून. तिथे रुमाल थोडा खाली करता येई. दोन्ही टबांतल्या अळ्या एकाच आईच्या, एकाच वेळी जन्मलेल्या, दोघींचीही तोंडं पुस्तकाप्रमाणे बंद. फरक काय पडतो?

तर रंगवलेल्या अळीच्या मागच्या टोकाला एक लाल कडं दिसलं. बारीक, गोल, सुबक, बांगडीसारखं. कोऱ्या अळीत अर्थातच दिसलं नाही.

पुढचं सगळं जसं होतं तसंच झालं. निबंध छापून आला. दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं. काहींना कडं सापडलं, त्यांनी अभिनंदन कळवलं. काहींना सापडलं नाही, त्यांनी आपला रंगच कमी पडला असावा असं स्वतःहून लिहून टाकलं. प्रमुखांनी जुनं बोधचिन्ह, एक लाट आणि एक दिवा, काढून त्या जागी लाल कडं बसवलं. ते फाटकावर आलं, पत्रांच्या माथ्यावर आलं, चहाच्या कपांवर आलं. रुमालसाहेबांच्या मेहुणीने ते उशीच्या अभ्र्यावर रेशमाने भरून दिलं. सामायिक साबण न वापरणारे रुमालसाहेब त्या उशीवर गाल टेकून झोपत.

मग प्रमुखांची निवृत्ती जवळ आली आणि केंद्रात कुजबुज सुरू झाली. रुमालसाहेबांना सत्तेची हाव नव्हती. माणसांवर हुकूम चालवायचा म्हणजे माणसं जवळ येणार, त्यांचे श्वास येणार. पण प्रमुखांची खोली वरच्या मजल्यावर होती. तिची खिडकी रस्त्याकडे उघडत होती, टाक्यांकडे नव्हे. आणि त्या खोलीला लागून एक स्वतंत्र स्वच्छतागृह होतं, ज्याची किल्ली फक्त प्रमुखांकडे असे. खालचं स्वच्छतागृह सगळ्या केंद्राचं होतं. त्याबद्दल इथे काही न लिहिलेलं बरं. रुमालसाहेबांनी नोकरीची सारी वर्षं त्या खोलीत श्वास रोखून काढली होती. आयुष्यात त्यांना दुसरं काही नको होतं. ती किल्ली हवी होती.

निवड करायला वरून एक समिती यायची होती. अध्यक्षीणबाईंनी कळवलं होतं की फोटो पुष्कळ बघितले. आता कडं जिवंत अळीत बघायचं आहे, मोठ्या पडद्यावर, शेजारी कोरी अळी ठेवून. रुमालसाहेब आजवर अळ्यांना गुंगीच्या मिठात झोपवून मगच फोटो काढत, कारण वळवळणाऱ्या गोष्टी त्यांना बघवत नसत. पण किल्लीसाठी एक दिवस वळवळ सोसायला ते तयार झाले.

"साहेब, तुम्ही निश्चिंत राहा," उपप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे होयबा म्हणत. ते कायम पेपरमिंट चघळत आणि बोलताना ती एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत. तो 'चुळुक' असा आवाज रुमालसाहेबांच्या मणक्यातून जाई. "इतकी वर्षं तुम्ही वासाची तक्रार करताय. पाहुण्यांच्या दिवशी तुम्हाला नाकावर रुमाल धरावा लागणार नाही, हा माझा शब्द."

शब्द त्यांनी पाळला. समितीच्या दिवशी सकाळी खोलीत गुलाबाचा वास सुटला होता. म्हणजे मोरीचा वास होताच, त्यावर गुलाब शिंपडला होता, आणि दोन्ही मिळून मयताच्या खोलीत मिठाई उघडावी तसं काहीतरी झालं होतं. रुमालसाहेब दारातच थबकले.

"साहेब, खिडकीचा टब गेला," काकू म्हणाल्या.

"गेला म्हणजे?"

"मेल्या सगळ्या. उपप्रमुखांनी ते फुसफुस मारलं ना, बरोबर त्यावरच. म्हणाले, पाहुणे इथूनच आत येणार."

रुमालसाहेबांनी वाकून पाहिलं. स्वच्छ, पारदर्शक पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्यी डाग तरंगत होते आणि तळाला अळ्यांची पांढरट पूड बसली होती.

"मोरीकडचा टब?"

"त्याला काय होतंय? त्या घाणीपुढे गुलाब काय करणार?"

पाहुणे यायला फार वेळ नव्हता. कोरी अळी तर हवीच, आणि तिथे दुसऱ्याचा हात नको हे तत्त्व त्यांचंच. रुमालसाहेब आयुष्यात पहिल्यांदा मोरीच्या भिंतीपाशी गेले. एका हातात नळी, दुसऱ्या हातात बशी, म्हणजे रुमाल धरायला तिसरा हात उरला नाही. साय बाजूला केली तेव्हा ती फाटली नाही, ताणली गेली. तिची तार त्यांच्या मनगटाला चिकटली. ती गार होती. त्यांच्या तोंडात खारट पाणी सुटलं. "बेसिन तिकडे आहे," काकू जेवता जेवता म्हणाल्या.

अंधाऱ्या खोलीत येऊन, हात कोपरापर्यंत धुऊन, त्यांनी एकही थेंब रंग न लावलेली ती अळी काचेवर घेतली आणि निळा प्रकाश सोडला.

कडं होतं. बारीक, गोल, सुबक, बांगडीसारखं.

त्यांनी काच टाकून दिली. नवी काच, नवी नळी, नवी अळी घेतली. कडं होतं. रंगाच्या बाटल्या खोलीबाहेर ठेवून आले. कडं होतंच. आणि ही अळी झोपवलेली नव्हती, त्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी आजवर दिसायची त्यांनी सोय ठेवली नव्हती. कडं फिरत होतं. सावकाश, चिखलात रुतलेल्या चाकासारखं. मज्जापेशी फिरत नाहीत.

शेवाळातलं हरितद्रव्य निळ्या प्रकाशात लाल चमकतं. हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं आणि रुमालसाहेबांना तर पोरांआधीपासून माहीत होतं. पण तोंडच बंद म्हटल्यावर पोटात शेवाळ येणार कुठून? दारं बंद आहेत म्हणून घरात चोर नाही, असा तो हिशेब. आता चोर समोर गोल गोल फिरत होता. अळीने शेवाळ गिळलं होतं, पचेल तेवढं पचवलं होतं, उरलेलं बुळबुळीत चिकट स्रावात गुंडाळलं होतं आणि आतड्याच्या शेवटच्या वळणात बारीक केसांनी ढवळत ठेवलं होतं.

रुमालसाहेब बघतच राहिले. अळीने अंग आखडलं, कळ आल्यासारखं. कडं लांबट झालं, मागच्या टोकाशी आलं आणि बाहेर पडलं. थोडा वेळ पाण्यात लाल चमकत तरंगलं, मग सुटून त्याचे तुकडे झाले. अळीने रुमालसाहेबांचं जन्माचं संशोधन त्यांच्या डोळ्यांदेखत टाकलं आणि हलकी होऊन पुढे निघून गेली.

"चुळुक," कानाशी आवाज झाला. होयबा कधीतरी आत आले होते.

"ही रंगवलेली ना साहेब? कडं झकास दिसलं."

"ही कोरी आहे."

पेपरमिंट थांबली. होयबांना शास्त्र जेमतेम येत होतं, पण संकट चटकन कळे.

"कोरी आहे हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं तर! दिवा जरा मंद करा, दिसणार नाही. नाहीतर त्या मेलेल्यांतली एक लावा. मेलेलीत काय चमकतंय? अहो साहेब, आज तुमचा दिवस आहे. किल्ली," इथे त्यांनी आवाज उतरवला, "किल्ली प्रमुखांनी पिशवीत घालून आणलीय. मी बघितली."

रुमालसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. होयबांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस होता. त्यांच्या मनात प्रामाणिकपणा, सत्य, विज्ञान असले शब्द आले नाहीत; नंतर काही लोकांनी तसं म्हटलं, पण ते खोटं आहे. त्यांच्या मनात आली ती नुसती शिसारी. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी ज्याच्याने गिळवत नाही, त्याने हे कसं गिळायचं? पुढे रोज वरच्या खोलीत बसायचं, रोज फाटकावर ते बघायचं, रोज त्या कपातून चहा प्यायचा. आणि सगळ्यात जास्त मळमळ आली ती स्वतःची. नाक वर करून चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली काय येतं, ते जगाला माहीत असतं. मोरीच्या टबाशी एकदा, फक्त एकदा रुमाल बाजूला करून ते गेले असते, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

"त्याच टबातली कोरी लावणार," ते म्हणाले. "आणि तुमच्या तोंडाला फेस आलाय, तो पुसा."

समिती आली. गुलाबाचा वास घेऊन अध्यक्षीणबाई दोनदा शिंकल्या, कोणावर ते रुमालसाहेबांनी पाहून घेतलं. पडदा उजळला. काळ्या पाण्यात अळी वळवळत होती आणि तिच्या टोकाला लाल कडं फिरत होतं.

"ही कोरी अळी आहे," रुमालसाहेब म्हणाले. "हिला रंग लावलेला नाही. तरीही कडं आहे, कारण ते मज्जापेशींचं नाही. ती विष्ठा आहे. मी आजवर छापलेले सगळे फोटो विष्ठेचे आहेत. निबंध मी मागे घेतोय."

नेमकं तेव्हाच अळीने आखडून कडं बाहेर टाकलं. पडद्यावर ते बैलगाडीच्या चाकाएवढं होतं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वा! किती सुंदर!" आणि टाळ्या वाजवल्या. मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या.

"आमच्या साहेबांचा हा विनोदी स्वभाव!" प्रमुख म्हणाले आणि त्यांनी बोट जिभेला लावून कार्यक्रमपत्रिकेचं पान उलटलं.

"मी विनोद करत नाही," रुमालसाहेब म्हणाले. "तुम्ही कशाला टाळ्या वाजवताय ते तुम्हाला कळतंय का?"

तेव्हा मात्र कळलं. टाळ्या विरल्या. अध्यक्षीणबाईंनी आपल्यासमोरचा, लाल कड्याचा, चहाचा कप दोन बोटांनी थोडा लांब सरकवला. एवढ्या वर्षांत रुमालसाहेबांना आपल्यासारखं माणूस पहिल्यांदा दिसलं. पण त्याचा उपयोग नव्हता. बाई किल्ली द्यायला आल्या होत्या आणि आता देणार नव्हत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने चेहरा बघितला. ती बालरुग्णालयात परिचारिका होती.

"अहो, काय झालं? कोणी शिंकलं का अंगावर?"

"कडं गेलं."

"कुठे गेलं?"

"बाहेर. अळीने टाकलं. ते मज्जापेशींचं नव्हतंच. ते... तसलं होतं."

"तसलं म्हणजे? माझ्यापुढे काय लाजताय? दिवसभर दुसरं काय बघते मी?"

त्यांनी तो शब्द उच्चारला. बायकोची नजर पलंगावरच्या उशीकडे गेली.

"माझ्या बहिणीने डोळे फोडून भरलंय हो ते," ती म्हणाली. "तिला सांगू नका."

"सांगणार आहे."

"नका सांगू! ती दिवाणखान्यात लावायला मोठं करतेय."

रुमालसाहेबांनी डोळे मिटले. बायकोला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "वॉर्डात बाळाचं पोट पहिल्यांदा साफ झालं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे वाट मोकळी आहे. तुमच्या अळ्यांचीही मोकळी आहे म्हणायची, आणि तीही पुस्तकाच्या आधी. हेही कोणाला माहीत नव्हतंच ना?"

"तो काय शोध आहे?" रुमालसाहेब तोंड वाकडं करून म्हणाले.

पण तो शोध होता, आणि तेवढाच खरा होता. दुसऱ्या दिवशीच अळीचं तोंड उघडतं आणि ती खाते, असं त्यांनी अर्ध्या पानात लिहून पाठवलं. ते एका मासिकाच्या शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली छापून आलं. त्याबद्दल कोणी अभिनंदन कळवलं नाही.

होयबा प्रमुख झाले. किल्ली त्यांच्याकडे आहे. रुमालसाहेब खालीच आहेत आणि अजून श्वास रोखतात. कोऱ्या अळ्या ते स्वतःच घेतात, पण आता दोन्ही टबांतून. मोरीच्या टबाशी गेले की दर वेळी त्यांना ओकारी येते, दर वेळी काकू "बेसिन तिकडे आहे" म्हणतात. माणसाला घाणीची सवय होते म्हणतात. त्यांना झाली नाही.

बोधचिन्ह बदलण्याचा प्रस्ताव त्यांनी रीतसर मांडला. त्यावर प्रमुखांनी असा शेरा मारला, की सदर चिन्ह केंद्राच्या गौरवशाली परंपरेचे द्योतक असून त्याबाबत जनतेकडून कोणतीही हरकत प्राप्त झालेली नाही, सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.

फाटकावरचं कडं दरवर्षी नव्याने लाल रंगवतात. ती विष्ठा आहे.